सशाने दिलेला पाव

मित्रांनो, माझे झाकण आता लागत नाही, म्हणून मला कोणी शाळेत नेत नाही. मी पत्र्याचा एक जुना डबा आहे. उत्तर जर्मनीतल्या एका लहान गावात, तळघरातल्या फळीवर, खिळ्यांच्या बरणीशेजारी मी बसून असतो.

मला प्रथम विकत घेतले ते हिनरिक आजोबांनी. ते होड्या दुरुस्त करायचे. दुपारी दोन तुकडे काळा पाव खाताना अर्धा तुकडा ते मुद्दाम माझ्यात ठेवत. घरी पोचताच त्यांची चिमुकली लेक आल्मुट मला कानाशी धरून हलवायची.

"बाबा, सशानं काय दिलं?"

"वाटेत भेटला होता. म्हणाला, आल्मुटबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हा पाव द्या."

तो वाळून कडा वळलेला तुकडा ती केकसारखा खायची. इथे घरोघरी अशा परत आलेल्या पावाला सशाचा पावच म्हणतात. पुढे आल्मुट मला शाळेत न्यायची. तिच्या मुलीला, वीब्केला, मात्र प्लास्टिकचा डबा हवा होता. मग दहा वर्षे मी खणात पडून होतो.

गेल्या शरद ऋतूत जॉर्जिया देशातून टेक्ले आमच्या घरी राहायला आली. पंधरा वर्षांची पोर, तीन महिने इथल्या शाळेत, वीब्केच्याच वर्गात शिकायला. आल्मुटने मला घासून पुसून तिच्या हातात दिले. "जुना आहे गं, पण मायेचा आहे."

टेक्लेच्या जॉर्जियातल्या शाळेत शिक्षक नाव घेत, मग उभे राहून उत्तर द्यायचे. न विचारता बोलणे म्हणजे आगाऊपणा. इथे कोणी नाव घेत नाही. आपणच एक बोट वर करायचे, आणि निम्मे गुण अशा बोलण्याचे. तीन आठवडे ती पाठ ताठ करून आपले नाव येण्याची वाट पाहत बसली. सगळ्यांना वाटले, हिला कशातच रस नाही.

बुधवारी ओस्टरकांप सरांनी तिला थांबवले. "टेक्ले, तुझ्या नावापुढचा रकाना कोराच आहे. उद्या माझ्या तासाला तरी बोल. नाहीतर परवा तुझ्या शाळेला कळवावं लागेल, आणि ते तुला परत बोलावतील."

हे तिने घरी कोणालाच सांगितले नाही. मला ठाऊक होते, कारण मी तिच्या पिशवीत होतो.

गुरुवारी पहिल्या तासाला तिचे बोट कानापर्यंत गेले आणि केस सारखे करून खाली आले. दुसऱ्या तासालाही तेच. मधल्या सुट्टीत सगळी मुले मैदानात डबे खात होती. टेक्ले मला मांडीवर घेऊन शौचालयात कडी लावून बसली. तिने पाव तोंडाशी नेला, पण घास उतरेना. तिच्या डोळ्यांतले पाणी माझ्या झाकणावर ठिबकत होते.

बाहेर मुली हात धूत होत्या. "वीब्के, तुझी ती मुकी पाहुणी कुठंय?"

"असेल कुठंतरी," वीब्के म्हणाली. "आमच्याकडे पाहुणी आलीय की कपाट, तेच कळत नाही."

मुली हसल्या. टेक्लेने मला इतके घट्ट धरले की माझा पत्रा वाकला. मित्रांनो, त्या दिवशी मला तोंड नसल्याचे जेवढे दुःख झाले, तेवढे कधी झाले नव्हते.

शेवटचा तास ओस्टरकांप सरांचा, इतिहासाचा. मी टेक्लेपुढे बाकावरच होतो. सर म्हणाले, "वाईट दिवसांत तुमच्या घरची माणसं काय खायची? आजी-आजोबांकडून काही ऐकलंय?"

बोटे वर गेली. टेक्लेला उत्तर येत होते. तिचे बोट बाकाखालीच राहिले. घड्याळात पाच मिनिटे उरली, मग तीन. तिचे गुडघे थरथरत होते, बाक हलत होता आणि मी काठाकडे सरकत होतो. डब्याला स्वतःहून हलता येत नाही. पण त्या दिवशी थांबायची माझी जराही इच्छा नव्हती.

मी पडलो. बिजागरी तुटली, झाकण फळ्यापर्यंत गेले, पाव लोण्याच्या बाजूने फरशीवर आपटला.

"कपाट कोसळलं!" कोणीतरी ओरडले. सगळे हसले. वीब्के हसली नाही. तिचे कान लाल झाले होते.

"काय झालं, टेक्ले?" सरांनी विचारले.

नाव ऐकताच ती सवयीने उभी राहिली. इथे कोणी उभे राहत नाही, म्हणून सगळे वळून पाहू लागले.

"माझी आजी..." ती तुटक जर्मनमध्ये बोलू लागली. "आजी पावाच्या रांगेत उभी. हातावर शाईनं नंबर. पुसेल म्हणून आजी हात धूत नाही. पाव मिळतो. सगळ्यांना देते. म्हणते, मला भूक नाही. आजी खोटं बोलते."

घंटा झाली. कोणी उठले नाही.

"पुढचं उद्या सांगशील?" सरांनी हळूच विचारले.

"तुम्ही विचारा, मी सांगेन."

"अंहं. इथं बोट वर करावं लागतं."

तिने रडत रडत तिथेच बोट वर केले. सरांनी तो कोरा रकाना भरला.

वीब्केने फरशीवरचा पाव उचलून फुंकला, माझ्यात ठेवला आणि केसांचे रबर काढून माझ्या झाकणावर चढवले. घरी जाताना दोघींनी त्यातला निम्मा वाटून खाल्ला. उरलेला अर्धा तुकडा टेक्लेने आल्मुटपुढे धरला.

"वाटेत ससा भेटला," ती म्हणाली. वीब्केने शिकवले होते.

आल्मुट बराच वेळ खिडकीकडे तोंड करून तो पाव खात राहिली.

बिजागरी बसवायची आहे, असे आल्मुट अजून म्हणते. राहू दे. पण मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणाचा डबा रोज भरलेलाच परत जात असेल, तर त्याचे नाव घेऊन त्याला हाक मारा. सगळ्याच डब्यांना वेळेवर पडता येत नाही.