कड्यापाशी सहा रेषा

डोंगऱ्याचं पत्र येऊन चौदा महिने झाले होते आणि उत्तर काही गेलं नव्हतं. पत्र चष्म्याच्या घरात, काच पुसायच्या फडक्याखाली घडी घालून ठेवलं होतं. लपवायला ही जागा काही चांगली नव्हे, हे म्हाताऱ्या आरेखकांना कळत होतं. दिवसातून वीस वेळा चष्मा काढणाऱ्या माणसाला ते वीस वेळा दिसायचं. पण फाडून टाकायचाही धीर होत नव्हता. उत्तराचा मायना त्यांनी कितीदा तरी लिहून पाहिला होता. 'प्रिय' लिहिलं की आगाऊपणा वाटे, 'सप्रेम नमस्कार' लिहिलं की लबाडी वाटे. मायन्याच्या पुढे मजकूर कधी सरकलाच नाही.

पत्र छोटं होतं. "माझा नातू तिकडच्या दरीत सहलीला जाऊन आला. रोपवेत बसवून एका अर्धवट वाटेचा विनोद सांगतात म्हणे, कुणा वेड्या मोजणीदाराचा. तो वेडा मीच. घरात सगळे हसले, मीही हसलो. पण तेव्हापासून डोक्यातून जात नाही. शाई तू भरली होतीस. माझ्या कच्च्या नकाशात त्या कड्यापाशी सहा रेषा एकमेकींना चिकटून होत्या की सुट्या? मला चिकटून आठवतात, पण आता माझाच माझ्यावर भरवसा राहिलेला नाही. सुट्या असतील तर तसं कळव. राग नाही. नक्की काय ते कळलं म्हणजे झालं."

चिकटूनच होत्या. आरेखकांना जन्मात फार थोड्या गोष्टींची खात्री होती, त्यातली ही एक.

छत्तीस वर्षं त्यांनी नकाशा कार्यालयात शाईने नकाशे काढले. मोजणीदार डोंगर पायाखाली घालून कच्चा नकाशा आणणार, आरेखक तो पक्का करणार. सारख्या उंचीच्या जागा जोडणारी एकेक समोच्च रेषा. उतार सौम्य असला की रेषा लांब लांब, चढ उभा असला की जवळ जवळ, आणि कडा असला की जणू एकच. मुख्य आरेखक मोठे शिस्तीचे. रेष रेषेला चिकटलेली दिसली की कागद परत. नोकरी नवी होती. तीनदा कागद परत आल्यावर आरेखकांनी त्या सहा रेषा केसाकेसाने सोडवून घेतल्या. सगळ्या मिळून कागदावर अडीच मिलिमीटर, पण जमिनीवर ते सव्वाशे मीटर होत होते. उभ्या कड्याची उतरण झाली. त्या नकाशाच्या भरवशावर डोंगरातून वाट आखली गेली, वर्षभर खोदली गेली, आणि कड्याला जाऊन थडकली.

चौकशी झाली. कच्चे कागद छपाईनंतर रद्दीत गेलेले. ठपका मोजणाऱ्यावर आला. छपराखाली ज्याचा जीव गुदमरायचा त्या डोंगऱ्याला फिरतीवरून काढून भांडारात बसवलं. खोलीला खिडकी नव्हती. तिथे तो अकरा वर्षं बसला. रोज दुपारी आरेखक त्याच्यासोबत चहा प्यायचे आणि मिठाची गुळणी धरून उठून यायचे.

आणि आता लेकीने लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून आईवडिलांना तीन दिवसांची सहल दिली, ती नेमकी त्याच दरीची! "बाबा, जन्मभर डोंगर कागदावर पाहिलेत. आता खरे बघा." नाही म्हणायला कारण लागतं. ते त्यांना वेळेवर सुचलं नाही.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रोपवेच्या डब्यात चौघं जण होती. आरेखक, त्यांची बायको, गळ्यात दुर्बीण अडकवलेले एक गृहस्थ आणि निळ्या कोटातल्या रोपवेवाल्या बाई. डबा अर्ध्या वाटेवर आला, एक हिसका बसला आणि थांबला. खाली दरी. चारी बाजूंना काचा. दाराला आतून कडी नव्हती. आरेखकांनी ते बसल्या बसल्याच पाहून ठेवलं होतं.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या, "वारा वाढला की वरून थांबवतात. पडला की निघू."

"कधी पडतो?" आरेखकांनी विचारलं.

"त्याच्या मनात आलं की."

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखाच!" बायको म्हणाली. दुर्बीणवाले खो खो हसले.

बायको मजेत होती. खालच्या दुकानातून तिने कड्याचं चित्र असलेली सहा कार्डं घेतली होती आणि नवऱ्याचं पेन घेऊन मांडीवर जावेला, नणंदेला लिहीत बसली होती. आरेखकांनी भिंतीवरच्या सूचना तीनदा वाचल्या. उभे राहू नये. दारावर रेलू नये. पाऊण तास झाला. डबा आता डुलत होता, आणि ज्या बाजूला पाहायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं ती बाजू दर झोक्याला समोर येत होती. कडा भिंतीसारखा सरळ होता. वरपासून खालपर्यंत पाय टेकवायला जागा नाही.

वेळ जात नाही असं पाहून बाईंनी घसा खाकरला. आरेखकांनी चष्मा काढला.

"ती पांढरी वाट दिसते ना? झाडीतून वर येते आणि कड्याला नाक लावून थांबते. ती वेड्याची वाट. एका मोजणीदाराने इथे उतार आहे म्हणून लिहून दिलं. लोकांनी वर्षभर खोदलं. मग साहेबांनी त्याला विचारलं, काय रे, कडा दिसला नाही? तर म्हणे, दिसला असता साहेब, पण मी तंबूत झोपून मोजत होतो!"

दुर्बीणवाल्यांनी मांडीवर थाप मारली. बायकोला इतकं हसू आलं की तिने पदराने डोळे टिपले. "अहो, हा तर तुमच्याच ऑफिसचा असणार. ओळखीचा होता का हो?"

"होता," आरेखक म्हणाले.

"अगंबाई! खरंच असा होता?"

उठून जाता आलं असतं तर ते गेले असते. सगळ्या चहापानांतून, सगळ्या निरोपसमारंभांतून ते असेच गेले होते. इथे दार बाहेरून लागलेलं होतं आणि तिघं जण त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

"त्याने बरोबर मोजलं होतं," ते म्हणाले.

"आं?"

"बरोबर मोजलं होतं त्याने. कडा कडाच दाखवला होता. नकाशा मी काढला. रेषा चिकटत होत्या म्हणून मी... सोडवल्या."

आवाज इतका बारीक निघाला की दुर्बीणवाले पुढे झुकले. "काय म्हणाले?"

"नकाशा ह्यांनी चुकवला म्हणतायत," बायको म्हणाली. हसू तिच्या तोंडावर अजून तसंच राहिलं होतं, उतरायला जागा न मिळाल्यासारखं. "मोजणारा कोण होता?"

"डोंगऱ्या."

"आपले डोंगऱ्या भावोजी? लेकीला पाठुंगळी घेऊन बाजारभर फिरायचे ते?"

आरेखकांनी चष्म्याचं घर उघडून तिच्यापुढे धरलं. तिने फडकं बाजूला केलं आणि पत्र वाचलं. मग तारीख वाचली.

"चौदा महिने?"

"मायना जमत नव्हता."

"मायना!" बायको म्हणाली. तिने मांडीवरची कार्डं चाळली, कोरं एक काढलं आणि पेन त्यांच्या हातात कोंबलं. "लिहा."

"अगं, हे उघडं कार्ड आहे. कुणीही वाचेल. पोस्टमन वाचेल, डोंगऱ्याच्या घरचे वाचतील..."

"मग भावोजींचं हसं काय पाकिटात घालून झालं होतं का?"

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. पत्ता पाठ होता. डबा झोके घेत होता, आणि मायना या वेळी त्यांनी लिहिलाच नाही. "चिकटून होत्या, सहाही. सुट्या मी केल्या, कागद परत येऊ नये म्हणून. चौकशीत मी बोललो नाही. आज कडा डोळ्यांनी पाहिला. तू बरोबर मोजला होतास." खाली जागा उरली. तिथे त्यांनी सहा रेषा काढल्या, एकमेकींना चिकटवून. ज्या हाताने जन्मभर रेषा सोडवल्या होत्या त्याला ते नीट जमेना. दोनदा गिरवावं लागलं.

रोपवेवाल्या बाई काचेतून त्या पांढऱ्या वाटेकडे पाहत होत्या. "मी रोज आठ वेळा सांगते हो ते," त्या म्हणाल्या. "आता काय सांगू?"

"आरेखकाने चूक केली म्हणून सांगा."

"त्याला कुणी हसणार नाही."

"नाही हसणार," आरेखक म्हणाले.

दुर्बीणवाल्यांनी दुर्बीण गळ्यातून काढून पुढे केली. आरेखकांनी नको म्हणून मान हलवली. त्यांना सगळं दिसत होतं.

आणखी वीस मिनिटांनी डबा हलला. वरच्या स्थानकात दार उघडलं. पोस्टाची पेटी जिन्याशेजारीच होती. त्यांनी कार्ड पेटीच्या तोंडात सरकवलं आणि बोटं काही सुटेनात. चौदा महिने म्हणजे थोडे नव्हेत. डोंगऱ्याने वाट पाहून नाद सोडला असेल. कदाचित तो हयातच नसेल. असला तर वाचून काय म्हणेल? सगळ्या घरासमोर वाचेल. पेटीवर लिहिलं होतं, चार वाजता उघडतात. म्हणजे चारपर्यंत विचार करायला...

बायको चार पावलांवर उभी होती. तिने एरवीसारखं "चला हो" म्हटलं नाही.

त्यांनी बोटं उघडली. आत दुसरं टपाल नसावं, कार्ड तळाला पडल्याचा आवाज ऐकू आला.