शेगडीचा डाग

माझ्या तळाशी हा काळा डाग दिसतो ना, मित्रांनो, तो आधी नीट बघून घ्या. मी सोरिया गावची एक म्हातारी सिगारपेटी आहे, आणि माझी सगळी कहाणी या डागाभोवती फिरते. तो कोणी पाडला ते मी सांगणार आहे, नावानिशी सांगणार आहे. सिगार ओढणं काही चांगलं नव्हे, तुम्ही त्या भानगडीत पडू नका. पण जपणं म्हणजे काय ते माझ्याइतकं कोणाला कळत नाही, म्हणून दोन घटका ऐका.

क्यूबाहून सिगारी ज्या खोक्यांतून यायच्या, त्यांच्या लालसर, सुगंधी फळ्यांतून सेलेदोनियो सुताराने मला घडवलं. सांध्यात एक खिळा नाही. झाकण असं चपखल, की मिटताना हलका उसासा टाकल्यासारखा आवाज यायचा. तंबाखूचं दुकान चालवणाऱ्या सातूरिओने मला करवून घेतलं, ते त्याची मुलगी कासिल्दा जन्मली त्या आठवड्यात. आमच्याकडे लग्नाचं जेवण झालं की मुलीचा बाप पाहुण्यांना स्वतःच्या हाताने सिगार देतो. ती सिगार कशी होती, यावर लोक त्या बापाची वर्षानुवर्षं आठवण काढतात. सातूरिओने ठरवलं, दर वाढदिवसाला दोन उत्तम सिगारी माझ्यात ठेवायच्या आणि लग्नात त्याच वाटायच्या. कासिल्दाची आई लवकर गेली. त्यानंतर तर या लग्नाखेरीज त्याने स्वतःसाठी काही मागितलंच नाही.

आमच्या गावचा हिवाळा म्हणजे काय विचारू नका! दुएरो नदीच्या काठाला बर्फाची कड धरते, दारातल्या बादलीतलं पाणी सकाळी फोडून घ्यावं लागतं. पण सातूरिओ म्हणायचा, "थंडी सिगारीला नुसती झोपवते. मारते ती शेगडी." म्हणून माझी जागा आतल्या भिंतीतल्या कपाटात, बाहेरच्या गारठलेल्या भिंतीपासून लांब आणि शेगडीपासून त्याहून लांब. माझ्या कोपऱ्यात ओलावा टिकवायला एक खापरीचा तुकडा असे. दर रविवारी चर्चमधून आला की तो ती खापरी उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवायचा, निथळवायचा आणि परत ठेवायचा. बर्फातून आलेला नवा माल तो दिवसभर उघडत नसे, कारण गारठलेल्या सिगारीला एकदम ऊब लागली की तिला घाम फुटतो. मग एखादी सिगार कानाशी धरून बोटांनी हलकेच दाबायचा. सुकलेली सिगार कुरकुरते; आवाज आला नाही की हसायचा. लोक दुकानात येऊन माझं कौतुक करायचे आणि मी, खोटं कशाला बोलू, फुगायची.

अशी तेवीस वर्षं गेली. कासिल्दाचं लग्न ठरलं, ईस्टरनंतरची तारीख निघाली, आणि जानेवारीतच सातूरिओची छाती भरली. त्याला सारागोसाच्या इस्पितळात न्यावं लागलं. कासिल्दा सोबत गेली. घर आणि दुकान सातूरिओच्या धाकट्या भावाच्या, गौदेन्सियोच्या हाती आलं.

जाताना सातूरिओ धापा टाकत म्हणाला, "पेटीला काही करू नकोस. रविवारी खापरी भिजव, बस. आणि शेगडीजवळ नेऊ नकोस."

"हो रे दादा, मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" गौदेन्सियो म्हणाला.

आमच्या गावात प्रत्येक घरी एक गोल टेबल असतं. त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं जाड लोकरीचं कापड, आणि खाली पितळी परातीत निखारे, हीच आमची शेगडी. हिवाळाभर माणसं त्या कापडात पाय खुपसून बसतात. भाकरीचं पीठ फुगवायला तिथेच, बाळाची दुपटी वाळवायला तिथेच. जे जे जिवापाड जपायचं ते टेबलाखाली, असा आमचा रिवाज. एका दुपारी गौदेन्सियोने कपाट उघडलं, माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अरे देवा, ही तर बर्फ झालीय! दादाला अक्कल नाही." त्याने मला उचललं आणि थेट निखाऱ्यांशेजारी नेऊन ठेवलं.

एवढ्यावर थांबला असता तर मी कदाचित विसरले असते. पण त्याने माझ्यावर पाय ठेवले. बुटांसकट! "उंची अगदी बेताची आहे," म्हणाला. सात आठवडे मी त्याच्या टाचांखाली भाजत होते. खापरी तर त्याने एकदाही भिजवली नाही. माझं झाकण वाकडं झालं, एका सांध्याला चीर पडली, तळ करपला. आणि आतल्या सिगारी, ज्यांना मी तेवीस वर्षं पोटाशी धरलं होतं, त्या एकेक करून कुरकुरायला लागल्या. मला ओरडता येत नाही याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

त्यातून त्याने तीन सिगारी ओढल्या, पत्त्यांच्या मित्रांसमोर. घसा खवखवला तसा तोंड वाकडं करून म्हणाला, "आमच्या दादाने तेवीस वर्षं पेंढा जपला, पेंढा! लग्नात घोडी पाठवा रे खायला!" सगळे खो-खो हसले. त्या दिवशी मी ठरवलं, हा शब्द याच्याच तोंडात परत कोंबायचा.

मार्चमध्ये सातूरिओ घरी आला, निम्मा होऊन. कोट न काढता त्याने मला उघडलं. सिगार कानाशी धरली. ती कुरकुरली.

"कुठे होती ही?"

"टेबलाखाली, दादा. घरातली सगळ्यात उबदार जागा दिली तिला."

सातूरिओने ती सिगार हळूच परत ठेवली. मग म्हणाला, "चांगल्या मनाने केलंस तू." आणि खुर्चीत बसून तोंड फिरवून रडला. मी त्याच्या मांडीवर होते, मला सगळं कळलं.

मग त्याने कासिल्दाला शिकवलं. "घाई केलीस तर फुटतील. खापरी नुसती ओलसर ठेव, टपकणारी नको. चाळीस दिवस लागतील." तिने चिरेत मेण भरलं, मला कपाटात परत नेलं आणि रोज सकाळी कामाआधी ती मला बघायची. कधी वाटायचं जमेल, कधी वाटायचं सगळं गेलं. पण हळूहळू सिगारी मऊ झाल्या. तीसेक वाचल्या. डझनभर इतक्या उकलल्या होत्या, की सातूरिओ म्हणाला, "टाकून दे." कासिल्दाने टाकल्या, दोन सोडून. कारण त्याच सकाळी पावाच्या दुकानातल्या रेमेदियोसबाईने तिला पत्त्यांच्या मित्रांकडून ऐकलेली पेंढ्याची गोष्ट सांगितली होती, बुटांसकट. पोरगी रागाने लाल झाली. मला तेव्हा ती फार आवडली.

लग्नात कोकराचं जेवण झालं आणि सातूरिओ काठी टेकत उठला. वडीलधाऱ्यांना त्याने एकेक सिगार दिली. तरुणांची बडीशेपेच्या दारूवर बोळवण झाली. निळा धूर वर चढला आणि जुने गडी डोळे मिटून गप्प झाले. ती शांतता ऐकायलाच सातूरिओ जगला होता.

तेवढ्यात गौदेन्सियो पेला वाजवत उभा राहिला. "मंडळी, हिवाळाभर या सिगारी कोणी जपल्या? या काकाने!"

कासिल्दा नवरीच्या वेषात मला हातावर घेऊन त्याच्यापुढे आली. "खरं आहे, काका. म्हणून ही खास तुमच्यासाठी. तुमच्याच हातची, छान शेकलेली. पेटवा ना, सगळे बघतायत."

त्याने माझ्यात हात घातला. वाकड्या झाकणाचा मला तेव्हा पहिल्यांदा उपयोग झाला. मी ते खाली पाडलं आणि त्याचं बोट चांगलं चेमटवलं. तो कळवळला, तरी हसत त्याने काडी ओढली. सिगार भडकन पेटली, कवच उलगडलं, जळता चुरा पांढऱ्या शर्टावर सांडला आणि मिशीचं टोक चुरचुरलं.

"गौदेन्सियो, पेंढा पेटला रे!" रेमेदियोसबाई मागून ओरडली. "घोडी आणा, घोडी!"

सगळा मंडप हसला. पत्त्याचे मित्र सगळ्यांत जास्त हसले. गौदेन्सियो कानापर्यंत तांबडा झाला आणि मला असं सुख मिळालं, की माझी चीर मिटल्यासारखी वाटली.

सातूरिओने काय करावं? आपली अर्धी ओढलेली सिगार भावाच्या हातात दिली आणि म्हणाला, "बस इथे माझ्याजवळ." तो माफ करून मोकळा झाला. मी लाकूड आहे. माझ्यात चीर पडली ती पडली.

त्यानंतर दोनच हिवाळे सातूरिओ जगला. आता मी कासिल्दाच्या भिंतीतल्या कपाटात असते. मित्रांनो, कोणाची वस्तू हाती आली, तर ती कशी जपायची ते आधी विचारा, आणि सांगितलेलं ऐका. आपल्याला जे उबदार वाटतं, ते दुसऱ्याला जाळत असतं. आणि काही झालं तरी तिच्यावर पाय ठेवू नका.

दर नाताळला गौदेन्सियो येतो. आता पार वाकलाय. टेबलाखाली पाय खुपसतो, तेव्हा आधी कापड उचलून बघतो, तिथे मी तर नाही ना. जेवण झालं की कासिल्दा मला आणते, झाकण उघडते आणि गोड आवाजात म्हणते, "काका, तुमची अजून एक शिल्लक आहे. घेता?"

"सोडली गं मी," तो म्हणतो आणि बोट मुठीत लपवतो.

ती झाकण लावते. खापरी दर रविवारी भिजते, आणि त्याची ती सिगार मी जपून ठेवली आहे.