करकरणारे बूट

गल्लीच्या तोंडाशी बसून चपला-बूट शिवणाऱ्या अक्काच्या पुढ्यात बुटांचा जोड येऊन पडला. वर बघते तर कंत्राटदाराचा पोरगा. तीन आठवड्यांपूर्वी ह्यानेच तिच्या धाकट्या भावाला, गल्लीच्या पोस्टमनला, भर दुपारी लोखंडी गजाने मारून टाकलं होतं. कारण काय, तर "गाडी जरा बाजूला घे" म्हणाला.

तेव्हा अक्का चामडं आणायला बाजारात गेली होती, पण वीस दुकानं उघडी होती. पोलिसांनी विचारलं, तर विसांच्या वीस पाठी वळलेल्या. न्हावी म्हणे वस्तऱ्याला धार लावत होता. बेकरीवाल्याचं म्हणे डोकं भट्टीत होतं. खरंच असतं तर त्याचा एव्हाना पाव झाला असता. मग सगळे अक्काच्या गळ्यात पडून ढसाढसा रडून गेले, आणि पोरगा चौथ्या दिवशी सुटून घरी आला.

"टाच झिजलीय. उद्या हवेत."

"देते की," अक्का म्हणाली.

तो गेल्यावर न्हावी तरातरा आला. "त्याचे बूट शिवतेस? लाज नाही वाटत?"

"लाज तू जपून ठेव. तुला लागेल."

तिने तळवे उसवले, आत कोरड्या चामड्याच्या दोन पट्ट्या सुट्या ठेवल्या, आणि वरून असा टाका घातला की तो तिच्याशिवाय कुणाच्या बापाला उसवू नये.

दुसऱ्या दिवशी बूट बोलायला लागले. कर्र-कुईं, कर्र-कुईं. तीन गल्ल्यांपलीकडची मांजरं झाडावर चढली, आणि कुणाचा तरी ठार बहिरा आजा "कोण आलं रे?" म्हणून उठून बसला. ज्या कोपऱ्यावर पोस्टमनची घंटी वाजायची, तिथे आता हे वाजायचं. वाजलं की शिंप्याचं मशीन थांबायचं. गिऱ्हाइकाचा अर्धा गाल फेसात तसाच राहायचा. सगळे नुसते बघत उभे.

पाचव्या दिवशी पोरगा नवे बूट घालून आला. मऊ, मुके. बेकरीपाशी पोचला आणि कुठून तरी आवाज आला, "कर्र-कुईं."

बेकरीवाला तोंडाने करत होता.

मग शिंपी. मग न्हावी. मग वरच्या खिडक्यांतल्या बायका. पोरगा थांबला की आवाज थांबे, पाऊल टाकलं की कर्र. त्याने बूट काढून फेकले. अनवाणी पावलालाही कर्र-कुईं. शेवटी कानांवर हात दाबून तो जो पळाला, त्याचं एक पाऊल जमिनीला लागलं असेल तर शपथ. गल्ली पोट धरून हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

न्हावी डोळे पुसत अक्काजवळ टेकला. "कसा पळाला, बघितलंस?"

"तू बघितलंस?"

"म्हणजे काय. ह्या डोळ्यांनी."

"आणि त्या दिवशी?"

न्हाव्याचं हसू जागीच सुकलं. मागे उभा बेकरीवाला उगाच हातांचं पीठ झटकायला लागला.

"कुईं करायला तोंडं चालतात ना तुमची? मग चौकीतही चालतील," अक्का म्हणाली. "ऊठ. मला तो पळालेला नकोय. आत बसलेला हवाय."

तिने हातात चामडं टोचायची आरी घेतली आणि गुरं हाकावीत तशी अख्खी गल्ली पुढे घातली.

चौकीत हवालदाराने कागद ओढला. "कोण आधी बोलतंय?"

न्हाव्याने हळूच मागे बघितलं. दारात अक्का पाय पसरून बसली होती. आत शिरतानाच तिने सगळ्यांच्या चपला काढून घेतल्या होत्या. वीस जोड तिच्या पिशवीत.

"मी बघितलं, साहेब," न्हावी म्हणाला. "पहिला फटका पाठीत बसला. मी दुकानाच्या दारातच होतो."

तो शेवटपर्यंत बोलला, खाली सही केली. मग अक्काने पिशवीत हात घातला आणि त्याची एकच चप्पल बाहेर काढली.

"दुसरी कोर्टात," ती म्हणाली.