लाटणं जेवत नाही

दहा दिवस झाले, लाटण्याने काही खाल्लं नव्हतं.

लाटणं म्हणजे आमचं ब्लू-टंग स्किंक. पिल्लूच आहे, वीतभर. सरड्यातलाच प्रकार, पण पाय इतके बारके की आधी द्यायचे विसरले आणि मग घाईत चिकटवले असं वाटतं. बाकी सगळं गोल आणि लांब, म्हणून लाटणं. पापाकुरा उपनगरातल्या धैर्यशीलदादाने दिलं. तो इथे परदेशात शिकायला आला होता, आता वेअरहाऊसमध्ये असतो, आणि त्याच्या नव्या भाड्याच्या घरात पेट्स चालत नाहीत. टँक, दिवा, सालीची गुहा, सगळं गाडीत घालून त्याने टाकानिनीत आमच्या घरी आणून ठेवलं. म्हणाला, हे जाम घाबरट आहे, पहिले काही दिवस हात लावू नकोस, सारखी बघू नकोस, काही हलवू नकोस. जेवण ठेव आणि निघून जा.

निघून कुठे जाऊ? मी मेमध्ये शाळा सोडली. घरात आई आणि मी दोघीच, आणि आई दिवसभर हॉस्पिटलच्या फार्मसीत. मी आणि टँक एकाच खोलीत. चौथ्या दिवशी मला वाटलं गुहा गार कोपऱ्यात आहे, म्हणून सरकवली. सहाव्या दिवशी परत होती तिथे ठेवली. रोज चार-पाचदा गुहा उचलून बघायचे की आहे ना जिवंत. ते फुगायचं, फुस्स करायचं आणि जीभ काढायचं. निळी जीभ, शाई प्यायल्यासारखी. मी गुहा खाली ठेवायचे आणि स्वतःवरच चिडायचे. अर्ध्या तासाने परत उचलायचे. का, ते मला माहीत नाही.

उकडलेलं अंडं दिलं, केळं दिलं, शेजारच्यांकडून कुत्र्याचं खाणं आणलं. सगळं तसंच राहायचं, कडेने वाळायचं.

आईने सांगून ठेवलं होतं, शुक्रवारपर्यंत खाल्लं नाही तर शनिवारी धैर्यशीलला फोन करायचा. उपाशी मरताना मला बघायचं नाही, म्हणाली. मग तिने गिटारचं काढलं, नेटबॉलचं काढलं, बरिस्ताच्या कोर्सचं काढलं, जिथे मी तीन शनिवार गेले. शाळेचं काढलं नाही. ते ती आता काढतच नाही, नुसती जागा सोडते. मी म्हटलं, लाटणं त्या लिस्टमध्ये घालू नकोस. ती म्हणाली, मी कुठे घातलंय.

शुक्रवारी आईला सुट्टी होती. सकाळी मी अंडं कुस्करून डिशमध्ये ठेवलं आणि ठरवलं की आज दुपारपर्यंत गुहेला हात लावायचा नाही. मांडीखाली हात दाबून बसले होते, तर दार वाजलं.

बाहेर एक बाई होती. सरकारी जॅकेट, गळ्यात कार्ड, हातात जाड ग्लोव्ह्ज. कीया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणाली, नाव टीना म्हणाली, आणि म्हणाली की या पत्त्यावर साप असल्याचा फोन आलाय.

मला आधी हसू आलं. या देशात साप नाहीतच. प्राणिसंग्रहालयातसुद्धा नाहीत, ठेवायलाच परवानगी नाही. मी म्हटलं, राँग हाउस. ती म्हणाली, विनया नावाच्या लेडीचं घर ना? ते आईचं नाव. तेव्हा माझं डोकं सटकलं. कोणी फोन केला, का केला, आमच्या घरात कोण काय बघतंय, असं मी जोरात विचारत सुटले. ती शांत. तिला फक्त प्राणी बघायचा होता, दोन मिनिटं.

मी म्हटलं, आज नाही. आज त्याचा शेवटचा दिवस आहे.

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी कबूल केलंय.

मग मी फोनवर फोटो दाखवले. तेही चुकलंच. माझ्याकडचे सगळे फोटो एकसारखे, सालीखालून बाहेर आलेला लांब, पट्ट्यापट्ट्यांचा भाग आणि पुढे काहीच नाही. तिने झूम केलं. कुठेच पाय दिसत नव्हते. मलाही दिसत नव्हते, आणि एक सेकंद मला खरंच वाटलं, होते ना याला पाय?

तेवढ्यात आई आली, केसांना टॉवेल गुंडाळलेला. जॅकेट बघून तिचा चेहरा उतरला. आमच्या रेसिडन्सचा अर्ज अजून मंजूर झालेला नाही, त्यामुळे सरकारी माणूस दिसला की ती सॉरीच म्हणते, कशाबद्दल ते नंतर. टीनाला आत घेतलं, चहा विचारला, मला डोळे दाखवले.

आणि आम्ही अजून पॅसेजमध्येच असताना बाहेर गाडी थांबली. कल्याणी मावशी. ही सख्खी मावशी नाही, आईची मैत्रीण. हॅमिल्टनला नर्स आहे, मूळची कणकवलीकडची. न सांगता कधी येत नाही. दारात टीनाला बघितलं आणि डबा हातात धरून तिथेच रडायला लागली.

"मी फक्त विचारायला फोन केला होता गो," ती आईला म्हणाली. "कोणाकडे असलं तर काय करतात एवढंच. त्यांनी पत्ता विचारला, मी सांगून बसले."

"कोणाकडे काय असलं तर?" आईने विचारलं.

"तूच म्हणालीस ना, कौमुदीने घरात जनावर आणलंय म्हणून. लांबडं आहे, फुसफुसतं, जीभ काढतं."

"हो मग? जनावरच आहे ते."

"तेच ना!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मी दोघींकडे. मग मावशीने डोळे पुसले आणि आवाज खाली आणून सांगितलं की त्यांच्याकडे सापाला साप म्हणत नाहीत, नाव घेतलं तर येतो. जनावर म्हणतात. आई पुण्याची. तिच्यासाठी जनावर म्हणजे गाय, कुत्रा, मी खोली आवरली नाही तर मी. इतकी वर्षं मैत्रीण आहे आणि हा शब्द कधी मध्ये आलाच नव्हता.

हे सगळं मी टीनाला इंग्लिशमध्ये सांगायला गेले. जनावर म्हणजे ॲनिमल, पण यांच्याकडे ॲनिमल म्हणजे स्नेक, पण हा स्नेक नाही, हा ॲनिमल आहे. ती म्हणाली, राइट, आणि खोलीत येऊन गुहेकडे बोट दाखवलं.

मी टँकसमोर उभी राहिले. मी म्हटलं, आज गुहा उचलली तर ते अजून दहा दिवस खाणार नाही, आणि त्याच्याकडे दहा दिवस नाहीत. टीना म्हणाली ती थांबू शकते, पाय दिसले की जाईल. मी म्हटलं, तुम्ही सगळे इथे असताना ते कशाला बाहेर येईल? माझा आवाज फारच चढला असणार, कारण टँकमधून फुस्स ऐकू आलं.

"कौमुदी, बाहेर," आई म्हणाली.

मी मागच्या दाराने बाहेर गेले, रबरी जँडल्स पण पायात न घालता. गवत ओलं होतं. खिडकीतून आत दिसत होतं. तीन बायका कार्पेटवर बसलेल्या, कोणीच बोलत नाही, कोणीच हलत नाही. मला राग येत होता, पण कोणाचा ते नीट पकडता येत नव्हतं. मावशीचा म्हणावं तर ती घाबरून आमच्यासाठीच हॅमिल्टनहून गाडी मारत आली होती. आईचा म्हणावं तर तिने खोटं काही सांगितलं नव्हतं. आणि त्या खोलीत दहा दिवसांत एवढी शांतता मी एकदाही ठेवली नव्हती.

वीसेक मिनिटांनी टीना बाहेर आली. चार पाय, ऑल गुड, म्हणाली. मी विचारलं, उचललीत गुहा? नाही म्हणाली, स्वतःच आलं, दिव्याखाली जाऊन बसलं, क्यूट आहे. मी विचारलं, खाल्लं का? ते तिने बघितलं नव्हतं, पाय दिसल्यावर ती ऑफिसला फोन करायला पॅसेजमध्ये गेली होती. आई तिला गाडीपर्यंत सोडायला गेली, परत सॉरी म्हणत.

मी आत पळाले. लाटणं गुहेत होतं. डिश रिकामी होती.

चाटूनपुसून नाही. पण रिकामी.

"खाल्लं हो त्याने," मावशी म्हणाली. ती अजून टँकपाशीच बसली होती. टँकचं झाकण लावलेलं होतं. मावशीच्या मुठीत टिश्यूचा बोळा होता. रडत होती, म्हणजे टिश्यू असणारच.

"आईने बघितलं?"

"ती दारात होती ना त्या बाईपाशी."

"म्हणजे फक्त तूच बघितलंस."

मावशीने डबा मांडीवर ओढला. मी खाली बसले आणि टँकमधल्या भुशावर अंड्याचा एखादा कण सांडलाय का बघितलं. एक होता. ते खाताना सांडतंच. कोणी घाईने उचलतानाही सांडतं.

"मावशी, खरंच खाल्लं? खरं सांग."

"तुला काय हवंय गो?" ती म्हणाली. "त्याने खाल्लेलं हवंय, की मी खरं सांगितलेलं?"

मला दोन्ही हवं होतं. हा काय प्रश्न आहे. पण तेवढ्यात आई आली. केस अर्धे सुटलेले, टॉवेल हातात. तिने डिशकडे बघितलं, मग मावशीकडे नाही, माझ्याकडे.

"खाल्लं?"

मावशी डब्याचं झाकण उघडत बसली होती, खाली मान घालून.

"खाल्लं," मी म्हटलं.

आईने टॉवेल खांद्यावर टाकला. मग म्हणाली, उद्या एक अंडं जास्त उकडते, आणि केस वाळवायला गेली.