प्रश्नानंतरची शांतता

प्रश्न विचारून झाला की शिक्षकाने गप्प बसायचं असतं, हे मॅडम दूरदेशी शिकून आल्या होत्या आणि त्यावर त्यांचा अगदी जीव होता. उत्तराची घाई करायची नाही, आपणच उत्तर देऊन मोकळं व्हायचं नाही. शांतता कितीही अवघड झाली तरी ती मुलांच्या हवाली करायची, कारण त्या शांततेतच माणूस पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याने विचार करायला लागतो. घरी दादा त्यांची रोज टर उडवायचा. "म्हणजे तू गप्प बसण्याचा पगार घेतेस," तो म्हणायचा, "मग मलाही चिकटव की तुझ्या कॉलेजात." मॅडम हसण्यावारी न्यायच्या. पण नोकरी अजून कायम व्हायची होती. सत्र संपताना प्राचार्य स्वतः वर्गात येऊन बसणार आणि मग काय ते ठरवणार होते. आणि तिकडची चांगली जागा सोडून त्या एवढ्या एका कामासाठीच परत आल्या होत्या.

सुरुवातीला वर्ग मुका होता. मग एके सकाळी घर्षण शिकवताना त्यांनी रोजच्या जगण्यातलं उदाहरण विचारलं आणि त्या थांबल्या. बऱ्याच वेळाने खिडकीजवळची लांब वेणीची मुलगी उभी राहिली. जड कपाट ढकलताना आधी हलतच नाही, पण एकदा हललं की एकदम सुटतं, असं ती म्हणाली. मॅडम हरखून गेल्या. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "मग फरशीवर ओरखडा उठतो आणि बाबा बोलायचे बंद होतात."

कपाट, ओरखडा, बाबांचा अबोला. त्याच सकाळी आंघोळ करताना मॅडमना स्वतःच्या लहानपणातलं नेमकं हेच आठवलं होतं, आणि फारच घरगुती म्हणून त्यांनी ते बाजूला टाकलं होतं.

योगायोग असेल, असं त्यांनी मनाला समजावलं. पण त्यानंतर वर्गातून जे जे उत्तर यायचं ते त्यांच्या मनात आधीच असायचं, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने. एकदा तर मॅडम मनातल्या मनात एका सूत्रात घोटाळल्या आणि उत्तर देणारा मुलगाही तिथेच घोटाळला.

कुणीतरी मुलांना पढवत होतं. कपाटाची गोष्ट माहीत असणारा एकटा दादाच. जेवताना त्यांनी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, की कॉलेजात त्याच्या ओळखीचं कुणी आहे का. दादाचा हात ताटातच थांबला. "तुला झोप लागते ना गं नीट?" एवढंच तो म्हणाला. मग संशय गेला तो स्टाफरूममधल्या म्हाताऱ्या सरांवर. हा वर्ग आधी त्यांच्याकडे होता. सर चष्मा पुसत म्हणाले, की ती पोरं त्यांच्यापुढे कधी तोंडसुद्धा उघडत नसत. "तुमच्याशी बोलतात, मला तर हेवा वाटतो हो." त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणा शोधूनही सापडला नाही, आणि त्यामुळेच मॅडमना त्यांचा जास्त संशय आला. दुसऱ्या दिवशी जिना चढता चढता त्यांनी धडाच बदलून टाकला. कुणालाही कळायला वाव नव्हता. तरी उत्तरं आली, मॅडमच्याच मनातली, आणि देणारे चेहरे इतके मायाळू की त्यांच्याकडे बघवेना.

प्राचार्य आले त्या दिवशी ते शेवटच्या बाकावर बसले. मॅडमनी खडू खाली ठेवला. ज्याचं उत्तर आपल्यालाच ठाऊक नाही असा प्रश्न विचारायचा, हे त्यांनी पक्कं केलं होतं.

"मी तुम्हाला शिक्षक म्हणून हवी आहे का? खरं सांगा."

आणि त्या गप्प बसल्या. एकही हात वर झाला नाही. मॅडमना कितीतरी दिवसांनी हायसं वाटलं. आता ही मुलं त्यांची त्यांची होती. आता जे येईल ते मुलांचं असेल, मग ते काहीही असो.

शांतता लांबत गेली. मग ती वेणीवाली मुलगी, समोरच्याला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाली, "मॅडम, थांबतो आम्ही. तुमचं उत्तर अजून ठरलेलं नाही."

कुणी हसलं नाही. मॅडम इतके दिवस ज्या धीराने मुलांकडे बघत आल्या होत्या, त्याच धीराने सगळा वर्ग आता त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी घाईघाईने मनातल्या मनात पाढे म्हणायला सुरुवात केली. तरीही तळाशी कुठेतरी काहीतरी हळूहळू जुळत चाललं होतं, आणि ते त्यांना अडवता येईना.

मागे एक हात वर झाला. तो प्राचार्यांचा होता.