अकरावा दिवस

विनताने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला आणि टेबलावर थापट मारली. पुन्हा कोरं! अकराव्या दिवशी उंदराच्या गर्भाला रंग दिला की दोन्ही बाजूंना जांभळ्या ठिपक्यांच्या पाच जोड्या दिसायला हव्यात. कातडीचा वरचा थर आणि खालचा थर एकमेकांना रेणूंमधून निरोप धाडतात. निरोप पोचला की ठिपका उठतो आणि पुढे त्याचीच दुधाची ग्रंथी होते. हा निरोप अडवला तर काय होतं, हा तिचा प्रबंध. पण काहीच न अडवलेल्या गर्भातही ठिपके नव्हते. मग अडवायचं काय, कपाळ?

आठ महिने हेच रडगाणं. रंग बदलले, बाटल्या बदलल्या, पाणीसुद्धा बदललं. तिचे मार्गदर्शक अच्युत सर म्हणायचे, "तुझा हातच साफ नाही." फेलोशिप दोन महिन्यांत संपत होती आणि मुदतवाढ मागायला दाखवावं असं हातात काही नव्हतं.

ती तणतणत प्राणीघरात गेली. तिथली कलावतीबाई पिंजरे पुसत होती. उंदरांच्या जोड्या तीच लावायची, सकाळी मादीवर मिलनाची खूण दिसली की दिवस मोजायला लागायची आणि अकरावा दिवस आला की मादी विनताकडे आणून द्यायची.

"दीदी, मंगळवारी नातीचं बारसं हाय. येजा बरं का."

"मंगळवारी? शुक्रवारी झाली ना? बारावा दिवस बुधवारी येतो."

"अवो, जन्माचा दिवस पहिलाच न! तो काहून सोडू?"

विनता हसणार होती, पण हसू ओठांवरच राहिलं. "आणि उंदरांचे दिवस?"

"तसेच मोजून राहिली मी. खूण दिसली तो पहिला."

विनताच्या शास्त्रात तो दिवस शून्य. म्हणजे आठ महिने तिच्या हाती दहाव्या दिवसाचे गर्भ येत होते, ठिपके उठायच्या आदल्या दिवसाचे! पुढची मादी तिने एक दिवस थांबून घेतली. पाचही जोड्या ठसठशीत उमटल्या होत्या. आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप.

सरांनी ठिपके पाहिले आणि कागद पुढे सरकवला. "कर्मचाऱ्याच्या चुकीनं आठ महिने गेले असं लिही. समिती मुदतवाढ देईल. स्वतःची चूक लिहिलीस तर विसर."

कलावतीबाई कंत्राटावर होती. असा कागद गेला की दुसऱ्या दिवशी तिला घरी बसवणार, हे विनताला पक्कं ठाऊक होतं. तिला कलावतीचा राग आला, सरांचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. प्रयोगशाळेतली एकेक बाटली तपासली, पण मोजणाऱ्या बाईला एका शब्दाने विचारलं नाही.

तिने लिहिलं, "दिवस कुठून मोजायचे हे मी सांगितले नव्हते. चूक माझी."

सरांनी वाचलं. "वेडी आहेस," म्हणाले आणि कागद फाइलमध्ये टाकला.

खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. विनताला काही हलकंबिलकं वाटलं नाही; हाती दोनच महिने उरले होते. दात-ओठ खात ती प्राणीघरात आली आणि म्हणाली, "कलावतीबाई, आजच नवीन जोड्या लावा. आणि या वेळी रोज सकाळी मी तुमच्यासोबत मोजणार."