शीग लावलेला केक

१ कप = २४० मिली

प्रियदर्शनीनं अमेरिकेतून धाकट्या बहिणीला, तृप्तीला, बिनअंड्याच्या केकची कृती पाठवली. मैदा दोन कप, साखर एक, दही एक, वर तेल अन् सोडा. ओव्हन ३५० वर. तृप्तीच्या हसनाबादच्या घरातल्या ओव्हनचं बटण २५० लाच संपत होतं.

"ताई, आमचा ओव्हन तिथवर जातच न्हाई."

"अगं येडे, ते फॅरनहाइट. तू एकशे पंचाहत्तरवर ठेव."

हा आकडा सुटला. मापाचा कप तृप्तीनं आधीच मागवला होता. काळजी होती ती खोक्याची. ओव्हनचं रिकामं खोकं तिच्या सासऱ्यांनी, बद्रीनाथांनी, बाजेखाली जपून ठेवलं होतं.

"उद्याचा भोकरदनच्या कनिकाबाईच्या लेकराच्या वाढदिवसाचा केक जमला तर ओव्हन राहील. न्हाईतर खोक्यात घालून वापस. दुकानदाराशी बोलून आलोय मी."

१ कप = १ कप + डोंगर

मैदा सासूबाईंनी, साळूबाईंनी, मोजला. या घरात माप त्यांच्याच हातचं. त्यांनी कप भरला, वर शीग लावली. मैद्याचा टोकदार डोंगर, आणखी चिमूटभर टाकला तर ढासळेल असा. पहिल्या मापाला त्या कधी एक म्हणत नसत.

"लाभ. दोन."

साखरेलाही शीग. दह्याला लागेना, तर त्यांनी कप ताटलीत ओसंडू दिला अन् ताटलीही पातेल्यात पालथी केली.

केक बाहेर आला. बद्रीनाथांनी त्यावर टकटक केलं. "खुंटा ठोकायला बरा हाय," म्हणाले, अन् वाकून खोक्यावरची धूळ झटकली.

१ कप = १ कप − डोंगर

दुसऱ्या केकला तृप्तीनं स्वतःच कप भरला अन् सुरीची पाठ त्यावरून सपाट फिरवली. साळूबाई नेमक्या दारात.

"शीग मोडली?"

"आत्याबाई, अमेरिकेचं माप सपाट असतं."

"मंग त्यांच्या घरी. माझ्या सासूनं दारी आलेल्यालाबी सपाट माप घातलं न्हाई. लेकराचा पहिला वाढदिवस, अन् तू त्याच्यातूनच काढून राह्यली?"

त्या दारापुढच्या ओट्यावर जाऊन पाठ करून बसल्या. तृप्तीला ओव्हन हवा होता. पण असा नको होता. घरात काटा होता, तोही सोयाबीनच्या पोत्यांचा. कपभर मैद्याला तो हलायलाही तयार नव्हता.

तिची नजर मांडणीवर गेली.

१ कप = ?

सगळ्या वाट्या घेऊन ती ओट्यावर आली.

"आत्याबाई, शीग लावून द्या."

"कशाला? मोडायला?"

"लावा तर!"

आमटीची वाटी शिगेसकट कपात रिकामी केली, तर मैदा बाहेर सांडला. चटणीच्या वाटीनं कप निम्माही भरेना. मग साळूबाईंच्या लग्नातली, काठाला पोचा आलेली वाटी. ती डोंगरासकट कपात रिकामी झाली अन् मैदा थेट काठाला टेकला.

साळूबाईंनी काठावरून बोट फिरवलं.

"अस्सं व्हय. आपली शीग म्हंजी त्यांचा कप."

"बराबर!"

साखरेची शीग बसकी, जरा कमीच भरली. "असू दे," साळूबाई म्हणाल्या, "लेकराच्या दाताला बरंय." दह्याला मात्र कप. तेवढं त्यांनी अमेरिकेला दिलं.

१ केक = १ केक + डोंगर

ओव्हनमध्ये केक डब्याच्या काठावर चढला, मधोमध फुगला अन् माथ्यावर तडकला. व्हिडिओ कॉलवर प्रियदर्शनी म्हणाली, "मस्त! आता वरचा फुगवटा कापून सपाट कर, मग क्रीम लाव."

"सुरी ठेव खाली," साळूबाई म्हणाल्या. "ह्याला शीग आली."

केक डोंगरासकट भोकरदनला गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कनिकाबाईंचा फोन आला. "तो टेकाडवाला केक कोणी केला, सगळे विचारून राह्यले! माझ्या नणंदेला जाफराबादला एक पायजे. टेकाड बिलकुल काढू नका हं."

बद्रीनाथ फोनच्या जवळच घुटमळत होते. त्यांनी बाजेखालून खोकं ओढलं, उकललं अन् गोठ्यात शेळीच्या पिलांखाली अंथरलं.

"थंडी हाय," म्हणाले.